खाणीतील दगडाची पारख : ध्वनिलहरींचा वेग आणि त्याचे अर्थकारण

मराठी वाचकाला आमेरचे नाव परिचित असते ते मिर्झाराजे जयसिंग यांच्यामुळे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांसमोर मोगलांच्या वतीने बसलेले हे राजे आमेरच्या कछवाह घराण्यातील. त्यांच्या चरित्रातील आणखी एक नोंद मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. या तहाच्या सुमारे तीन दशके आधी शाहजहान बादशहाने त्यांच्या नावे काही फर्माने पाठविली होती आणि ती ताजमहालाच्या बांधकामाला लागणाऱ्या दगडासंबंधी होती. १६३२ च्या फर्मानात आमेरकडील नव्या खाणींतून पांढरा संगमरवर आणण्यासाठी माणूस पाठविल्याचे कळवून, त्याला लागतील तेवढे पाथरवट व भाड्याच्या गाड्या पुरविण्याची आज्ञा आहे. १६३७ च्या फर्मानात तक्रारीचा सूर आहे. पाथरवटांना आमेर व राजनगर येथे अडवून ठेवले जाते आणि ते मकराण्याच्या खाणींपर्यंत पोचत नाहीत, असे बादशहाच्या कानावर आले होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कागदांत दगड उद्योगाचे तीन घटक स्पष्ट दिसतात : खाण, कुशल कारागीर आणि वाहतूक. चौथा घटक कागदावर आलेला नाही. पण त्याच्याशिवाय बाकीचे तीन व्यर्थ ठरतात. तो म्हणजे निवड. मकराण्यापासून आग्र्यापर्यंतचे सुमारे ४०० किलोमीटर अंतर बैलगाडीने कापून आणलेला ठोकळा कारागिराच्या हाताखाली दुभंगला, तर खाणीतील श्रम, गाडीभाडे आणि घडाईची मजुरी असे सारेच वाया जाणार. म्हणून गाडीत कोणता दगड चढवायचा आणि कोणता खाणीवरच सोडायचा, हा निर्णय सर्वांत मोलाचा होता. त्याचा भार पाथरवटाच्या डोळ्यांवर, आणि त्याहून अधिक त्याच्या कानांवर होता.

आज हाच निर्णय ध्वनिलहरींचा वेग मोजून घेता येतो. ही पद्धत कशी चालते, ती कुठे फसवते आणि तिचा लाभ खाणमालक, मूर्तिकार, मजूर व ग्राहक यांच्यात कसा वाटला जाऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कानाने केलेली पारख

बाजारात माठ घेताना गृहिणी तो बोटाने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर माठ चांगला. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, हे तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही. चांदीच्या रुपयाच्या काळात व्यापारी नाणे दगडावर आपटून त्याचा नाद ऐकत असत. 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग तेथूनच आपल्या भाषेत रुळला. पाथरवटाची रीत हीच. तो ठोकळ्यावर हातोडीने जागोजागी टोले देत जातो आणि आवाज कुठे बदलतो हे ऐकतो. अखंड दगड घंटेसारखा नाद देतो. पोटात भेग असलेला दगड तो नाद गिळून टाकतो.

ही पारख शास्त्रशुद्ध आहे, यात शंका नाही. तिची अडचण वेगळी आहे. हे ज्ञान त्या एका कारागिराच्या कानात राहते. मकराण्यातील पाथरवटाने 'दगड चांगला आहे' असे सांगितले, तरी हजाराहून अधिक किलोमीटर अंतरावरील मुंबईच्या खरेदीदाराला ते पडताळून पाहता येत नाही. शिवाय आवाजावरून भेग आहे हे समजते. ती किती खोल आहे आणि कोणत्या दिशेने गेली आहे, हे नेमके समजत नाही. मोठ्या ठोकळ्यात तर पृष्ठभागापासून दूर असलेली भेग अनुभवी कानालाही चकवते.

लहर दगडातून कशी जाते

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पाण्यातून सुमारे १,४८० मीटर वेगाने जातो. घन पदार्थात हा वेग बराच वाढतो. ताज्या, घट्ट संगमरवरात तो सामान्यतः सेकंदाला ५,००० मीटरच्या पुढे असतो. आमेरच्या डोंगरांत आढळणारा क्वार्टझाइट आणि आपल्या सह्याद्रीतील न झिजलेला काळा बेसाल्टही साधारण याच पट्ट्यात येतात. वालुकाश्म अधिक सच्छिद्र असल्याने त्यातील वेग बहुधा यापेक्षा कमी असतो.

हा वेग प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरतो : दगडाचा ताठरपणा आणि त्याची घनता. भेगांमुळे घनतेत फारसा फरक पडत नाही. ताठरपणा मात्र झपाट्याने घटतो. म्हणून वजनाच्या काट्यावर सारखेच भरणारे दोन ठोकळे ध्वनिलहरीच्या परीक्षेत अगदी वेगळे ठरू शकतात.

यंत्राची रचना साधी आहे. एक प्रक्षेपक दगडाच्या एका बाजूला आणि एक ग्राहक समोरच्या बाजूला टेकवतात. दोहोंच्या तोंडाला ग्रीस किंवा जेल लावतात. कारण यंत्र व दगड यांच्यामध्ये हवेचा पातळ थर राहिला, तरी लहर तेथेच अडते. प्रक्षेपक श्राव्यातीत, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणारी लहर सोडतो. तिची वारंवारता अनेकदा सेकंदाला ५४,००० कंपने इतकी ठेवलेली असते. लहर ग्राहकापर्यंत पोचण्यास किती मायक्रोसेकंद लागले, ते यंत्र दाखवते. एक मीटर जाडीच्या अखंड संगमरवरात हा वेळ सुमारे २०० मायक्रोसेकंद भरेल, म्हणजे वेग सेकंदाला ५,००० मीटर झाला. त्याच जाडीला २५० मायक्रोसेकंद लागले, तर वेग ४,००० मीटरवर आला आणि दगडाच्या पोटात काहीतरी बिघडलेले आहे असा संशय घेण्यास जागा आहे.

वेळ का वाढतो, हे एका दाखल्याने समजते. नदीवरील पूल वाहून गेला, तर गावकरी दुसऱ्या पुलाचा वळसा घेऊन पैलतीरी जातात; त्यांची चाल तीच असते, वाट लांबते. हवेने भरलेली भेग म्हणजे तुटलेला पूल. लहर तिच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जाते आणि म्हणून उशिरा पोचते.

काँक्रीटची तपासणी या पद्धतीने करण्याचे प्रयत्न १९४० च्या दशकात कॅनडा व ब्रिटनमध्ये सुरू झाले. आपल्या देशात काँक्रीटसाठी भारतीय मानक १९९२ मध्ये आले आणि २०१८ मध्ये ते आयएस ५१६ या मालिकेत समाविष्ट झाले. इमारतीच्या नैसर्गिक दगडांमधील ध्वनिवेग मोजण्याचे युरोपीय मानक २००४ चे आहे. तात्पर्य, तंत्र नवे नाही. खाणीच्या तोंडाशी आणि मूर्तिकाराच्या अंगणात ते नेमाने वापरणे, हे खरे काम आहे.

भेगेची खोली मोजण्याचे एक उदाहरण

पृष्ठभागावर दिसणारी भेग किती खोल गेली आहे, हा कारागिराच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असतो. दोन सेंटीमीटर खोल भेग छिन्नीने काढून टाकता येते. वीस सेंटीमीटरची भेग ठोकळ्याचा उपयोगच बदलून टाकते. यासाठी प्रक्षेपक व ग्राहक एकाच पृष्ठभागावर, भेगेच्या दोन बाजूंना सारख्या अंतरावर ठेवतात.

समजा, दोन्ही बाजूंचे अंतर प्रत्येकी १५ सेंटीमीटर आहे. प्रथम त्याच ठोकळ्याच्या निर्दोष भागावर ३० सेंटीमीटर अंतरासाठी वेळ मोजला; तो ६० मायक्रोसेकंद आला. नंतर भेग मध्ये घेऊन वेळ मोजला. तो ७५ मायक्रोसेकंद आला. दुसऱ्या वेळेला पहिल्याने भागल्यास १.२५ मिळतात. त्याचा वर्ग १.५६२५, त्यातून १ वजा केल्यास ०.५६२५, त्याचे वर्गमूळ ०.७५. या संख्येने १५ सेंटीमीटरला गुणले की भेगेची खोली मिळते : सुमारे ११ सेंटीमीटर. शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धान्त येथे उपयोगी पडला आहे. कारण लहर भेगेच्या तळापर्यंत तिरकी उतरते आणि पलीकडे तशीच तिरकी चढते.

हे गणित आठवी-नववी उत्तीर्ण झालेल्या कोणत्याही तरुण कारागिराला शिकविता येईल. ही बाब महत्त्वाची आहे. कारण ज्या तंत्रासाठी प्रत्येक वेळी शहरातून अभियंता बोलवावा लागतो, ते तंत्र लहान खाणीपर्यंत टिकून राहत नाही.

यंत्र कुठे फसवते

आकडा दिसला की त्यावर विश्वास बसतो. म्हणूनच या पद्धतीच्या मर्यादा नीट समजून घ्याव्यात.

पहिली मर्यादा दिशेची. लहरीच्या मार्गाला समांतर गेलेली भेग तिला अडवत नाही, त्यामुळे वेगात घट दिसत नाही. म्हणून ठोकळा लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांनी तपासला पाहिजे. शिवाय थरांच्या दगडात थरांना समांतर वेग अधिक आणि आडव्या दिशेने कमी असणे स्वाभाविक आहे. तो फरक म्हणजे दोष नव्हे.

दुसरी मर्यादा पाण्याची. भेगेत पाणी भरले असेल, तर लहर पाण्यातून पलीकडे जाते आणि भेग झाकली जाते. पावसाळ्यात खाणीच्या तळातून काढलेला ओला ठोकळा कोरड्या ठोकळ्याहून चांगला भासू शकतो. भेगेत रेझिन भरून वरून घासलेल्या दगडाचेही असेच होते. तेव्हा दगड कोरडा होता की ओला, हे मापनाबरोबर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

तिसरी मर्यादा आकाराची. वर सांगितलेल्या वारंवारतेच्या लहरीची तरंगलांबी संगमरवरात सुमारे ९ सेंटीमीटर भरते. तिच्या तुलनेत फार लहान असलेली एकटी केसभर भेग तिला जाणवेलच असे नाही. बारीक दोष शोधण्यासाठी अधिक वारंवारतेची लहर वापरावी लागते; परंतु ती दगडात फार खोलवर टिकत नाही.

चौथी मर्यादा तुलनेची. मकराण्याचा संगमरवर, करौलीचा तांबडा वालुकाश्म आणि कोकणातील जांभ्याचा चिरा यांना एकाच फूटपट्टीने मोजणे चुकीचे ठरेल. काँक्रीटसाठी ठरविलेली प्रतवारी दगडाला जशीच्या तशी लावणे, ही तर सरळसरळ चूक आहे. प्रत्येक खाणीतील निर्दोष दगडाचा वेग आधी ठरवून घ्यावा आणि मग त्याच्याशी तुलना करावी, हाच योग्य मार्ग होय.

चाचणी परवडते का?

आता अर्थशास्त्राकडे वळू. महाराष्ट्रातील अनेक मंदिरांत विराजमान असलेल्या संगमरवरी मूर्ती जयपूरच्या मूर्तिकारांच्या हातच्या आहेत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण शेवटच्या घावाला मूर्तीचा हात निखळला, तर खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. फरशीचा तुटका तुकडा कुठेतरी बसविता येतो. येथे मात्र नुकसान जवळपास पूर्ण असते. शिवाय ते दिवसागणिक वाढत जाते, कारण दगडाच्या किमतीत रोजच्या श्रमाची भर पडत असते. म्हणून भेग जितक्या लवकर समजेल, तितकी ती माहिती मोलाची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. एका ठोकळ्याची किंमत १ लाख रुपये आहे. सदोष ठोकळ्यातील भेग निम्मे काम झाल्यावर उघडी पडते आणि तोपर्यंत आणखी १ लाख रुपयांची मजुरी खर्च झालेली असते. उरलेल्या तुकड्यांचे २० हजार रुपये येतात, म्हणजे निव्वळ नुकसान १ लाख ८० हजार रुपये. १०० ठोकळ्यांपैकी १० सदोष असतील, तर चाचणीविना एकूण नुकसान १८ लाख रुपये होते.

आता चाचणी केली. ती १० पैकी ८ सदोष ठोकळे ओळखते आणि २ तिच्या नजरेतून सुटतात. उलट बाजूने, ९० निर्दोष ठोकळ्यांपैकी ५ ठोकळ्यांवर ती विनाकारण ठपका ठेवते. ठपका आलेला ठोकळा फरशीसाठी ४० हजार रुपयांना विकला जातो, म्हणजे प्रत्येकी ६० हजारांची घट. हिशेब असा : सुटलेल्या २ ठोकळ्यांचे नुकसान ३ लाख ६० हजार, ओळखलेल्या ८ ठोकळ्यांची घट ४ लाख ८० हजार, चुकून नाकारलेल्या ५ ठोकळ्यांची घट ३ लाख, एकूण ११ लाख ४० हजार रुपये. बचत ६ लाख ६० हजारांची. म्हणजे प्रत्येक ठोकळ्यामागे चाचणीचा खर्च ६,६०० रुपयांपेक्षा कमी असेल, तोवर ती करणे लाभाचे आहे.

परंतु याच उदाहरणात सदोष ठोकळ्यांचे प्रमाण शेकडा २ इतकेच असेल, तर चित्र पालटते. चाचणीविना नुकसान ३ लाख ६० हजार रुपये. चाचणी केल्यावर मात्र चांगले ठोकळे चुकून नाकारले गेल्यामुळे ते सुमारे ५ लाखांवर जाते. येथे चाचणी फुकट मिळाली, तरी तोट्याची ठरते.

यातून निघणारा धडा व्यवहाराचा आहे. प्रत्येक दगड यंत्राखाली घालण्याची गरज नाही. प्रथम पाथरवटाने कानाने व डोळ्याने निवड करावी. ज्या ठोकळ्याविषयी शंका आहे, किंवा ज्यावर दीर्घकाळ महागडे काम व्हायचे आहे, तोच यंत्राकडे न्यावा. यंत्राने कारागिराचे कौशल्य कालबाह्य होत नाही. उलट त्या कौशल्याच्या आधारावरच चाचणी परवडते.

ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला नाही

१९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील विवेचनासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मुद्दा असा की, मोटारीतील दोष विक्रेत्याला माहीत असतो, ग्राहकाला नसतो. फसगतीच्या भीतीने ग्राहक सर्वच मोटारींना सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, आणि हळूहळू बाजारात वाईट मालच उरतो.

दगडाच्या बाजाराला हे विवेचन पुरेपूर लागू पडते. सुरुंग लावून काढलेल्या ठोकळ्यात स्फोटाच्या धक्क्याने बारीक भेगा पडण्याचा धोका असतो. हिऱ्याच्या वायर करवतीने कापलेला ठोकळा त्या मानाने सुरक्षित असतो. परंतु घासून गुळगुळीत केल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. खरेदीदार फरक ओळखू शकत नसेल, तर जपून खाणकाम करणाऱ्याला अधिक भाव मिळत नाही आणि करवतीवर केलेला खर्च त्याच्या अंगावर पडतो. ध्वनिवेगाची विश्वसनीय नोंद या ठिकाणी उपयोगी पडते. ती काळजीपूर्वक केलेल्या कामाला किंमत मिळवून देते.

निवडीत चूक झाली तर किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण शिकागो शहरात आहे. तेथील अमोको कंपनीची गगनचुंबी इमारत १९७० च्या दशकात इटलीतील करारा संगमरवराच्या पातळ फरशांनी मढविण्यात आली. ऊन व थंडीच्या आवर्तनांत त्या फरशा वाकल्या आणि कमकुवत झाल्या. अखेर १९९० ते १९९२ या काळात सर्व संगमरवर उतरवून ग्रॅनाइट बसवावा लागला. त्याचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर झाला. संगमरवरातील कॅल्साइटचे स्फटिक तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावतात, तर तिच्या काटकोनात किंचित आकुंचन पावतात. या ओढाताणीत कणाकणांमधील पकड सुटते आणि दगड साखरेसारखा भुसभुशीत होऊ लागतो. डोळ्यांना हे फार उशिरा दिसते, ध्वनिवेगात ते आधी उमटते. ताज्या स्थितीत सेकंदाला ५,००० मीटरच्या वर असलेला वेग २,००० मीटरच्या खाली घसरला, तर तो दगड धोक्याच्या पातळीवर आला असे समजतात.

आमेरच्या वास्तूंसाठी

ज्या ऋतुचक्राने शिकागोच्या फरशा वाकविल्या, त्याची राजस्थानी आवृत्ती आमेरला अनुभवास येते. उन्हाळ्यात तेथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्याच्या रात्री कडाक्याच्या थंडीच्या असतात. राजा मानसिंग यांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, उभारणी सुरू झालेल्या आमेरच्या किल्ल्याचा २०१३ मध्ये राजस्थानच्या पाच अन्य डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेथील महालांत संगमरवर व तांबडा वालुकाश्म दोन्ही आहेत. गावातील जगत शिरोमणी मंदिराचे संगमरवरी तोरण पाहण्यास अभ्यासक आवर्जून जातात.

अशा वास्तूतील खांबाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत नेता येत नाही. ध्वनिलहरीची चाचणी दगडाला इजा न करता होते, हा तिचा मोठा गुण. ठरावीक खांबांवरील ठरावीक बिंदूंवर, वर्षातील एकाच ऋतूत, काही वर्षांच्या अंतराने वेग मोजत राहिल्यास कोणता दगड थकत चालला आहे हे वेळीच समजेल. एका मापनापेक्षा अशी मापनांची मालिका अधिक बोलकी असते. चुना व दगडगोटे भरलेल्या जाड भिंतींसाठी मात्र ही उच्च वारंवारतेची लहर निरुपयोगी ठरते, कारण ती वाटेतच विरते. तेथे हातोडीच्या ठोक्याने निर्माण होणारी कमी वारंवारतेची लहर वापरतात. पाथरवटाची जुनी हातोडी अशा रीतीने पुन्हा शास्त्राच्या हाती आली आहे.

लाभ कोणाच्या पदरी?

तंत्र आले म्हणजे न्याय्य वाटप आपोआप होते, असा अनुभव नाही. यंत्र केवळ मोठ्या खरेदीदाराच्या हाती राहिले, तर तो प्रत्येक शंकास्पद आकड्याचा उपयोग भाव पाडण्यासाठी करील आणि लहान खाणपट्टेधारकाला ते मुकाट्याने मान्य करावे लागेल. मूर्तिघडाईची मजुरी नगावर ठरलेली असेल, तर दगड फुटल्याचा तोटा अनेकदा ज्याने दगड निवडलाच नाही त्या कारागिराच्या माथी येतो. आणि साखळीला टांगलेला ठोकळा भेगेपाशी दुभंगला, तर खाली उभ्या असलेल्या मजुराने मोजलेली किंमत कोणत्याही हिशेबवहीत बसत नाही. वर केलेल्या गणितात हा धोका धरलेला नाही. तो धरल्यास उचलण्यापूर्वी संशयित ठोकळा तपासणे अपरिहार्य ठरते.

या पार्श्वभूमीवर काही उपाय सुचवावेसे वाटतात.

पहिला उपाय सामायिक सुविधेचा. हे यंत्र एकट्या मूर्तिकाराने विकत घ्यावे असे नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. दगडाच्या समूहांमध्ये अशा केंद्रात ध्वनिवेग चाचणी अल्प शुल्कात मिळावी.

दुसरा उपाय प्रशिक्षणाचा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत मूर्तिकार, पाथरवट व दगड फोडणारे यांचा समावेश आहे. त्यांच्या प्रशिक्षणात ध्वनिवेगाचे मापन, भेगेच्या खोलीचे गणित आणि चाचणीच्या मर्यादा यांसाठी एक दिवस राखून ठेवल्यास फार खर्च येणार नाही.

तिसरा उपाय मानकाचा. संगमरवराचे ठोकळे, लाद्या व फरशा यांचे भारतीय मानक, आयएस ११३०, हे १९६९ चे आहे. त्यात पाणी शोषण्याचे प्रमाण, कठीणपणा आणि विशिष्ट गुरुत्व या गुणांवर भर आहे. प्रत्येक प्रकारच्या दगडासाठी ध्वनिवेगाची पातळी आणि मापनाची रीत त्यास जोडली, तर चाचणीचा आकडा कोणत्याही बाजारपेठेत एकाच अर्थाने वाचला जाईल.

चौथा उपाय नोंदीचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ठोकळ्यावर क्रमांक घालावा. तिन्ही दिशांचा वेग, दगडाची ओली वा कोरडी स्थिती व मापनाची तारीख लिहावी. नोंदीची प्रत विक्रेता आणि खरेदीदार दोघांकडे असावी. आणि आकडा मान्य नसल्यास त्रयस्थ प्रयोगशाळेकडून फेरतपासणी करून घेण्याचा हक्क दोघांना असावा. चाचणी खाणीच्या तोंडाशीच व्हावी, म्हणजे निरुपयोगी दगडाचे गाडीभाडे वाचेल.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. अरवलीतील खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने २००२ पासून वेळोवेळी निर्बंध घातले आहेत. नवा डोंगर फोडणे दिवसेंदिवस अवघड होणार आणि ते तसेच व्हायला हवे. अशा वेळी काढलेल्या दगडाचा योग्य जागी उपयोग करणे, हे एक प्रकारे नवी खाण उघडण्यासारखेच आहे. किशनगडच्या संगमरवर बाजारपेठेजवळ दगड कापताना निघालेल्या पांढऱ्या गाळाचे विस्तीर्ण मैदान तयार झाले असून ते पाहायला आता पर्यटक जातात. त्या गाळातील काही भाग कापण्याआधीच बाजूला काढता आला असता, अशा दगडांचा आहे. भेग असलेला ठोकळा टाकाऊ नसतो. त्याच्या लहान फरशा होतात, खडी होते, भुकटी होते. फक्त त्याला मूर्ती किंवा खांब करायला घेऊ नये, इतकेच वेळीच समजले पाहिजे.

१६३७ मध्ये बादशहाची तक्रार होती की पाथरवट आमेरला अडकून पडतात. दगड मुबलक होता आणि त्याची पारख असलेली माणसे दुर्मिळ होती. आज दगडही मुबलक राहिलेला नाही, आणि पारख करणारी माणसे तर अधिकच दुर्मिळ झाली आहेत. त्यांच्या कानातील ज्ञान आकड्यात उतरविण्याची सोय ध्वनिलहरींनी करून दिली आहे. तो आकडा खाणीवरील मजुरापासून मंदिराच्या विश्वस्तांपर्यंत सर्वांना सारखाच पाहता आला, तर दगडाच्या बाजारात चांगल्या मालाला आणि चांगल्या कामाला त्यांचा रास्त भाव मिळू लागेल.